गप्प कारखान्यांचा हिशेब

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारी दहा सारखीच युनिटं आहेत असं समजा. प्रत्येकाचं महिन्याचं उत्पादन 100 पंप. मंदी आली, सहा शेडना कुलूप लागलं आणि उरलेल्या चारांतून प्रत्येकी 80 पंप निघाले. उत्पादन किती घटलं?

महिन्याच्या उत्पादनाचा सरकारी फॉर्म भरून पाठवला तो चालू असलेल्या चारांनीच. त्या चारांचाच मागच्या महिन्याशी ताळा घातला, तर घट 20 टक्के. गप्प बसलेल्या सहांच्या जागी त्यांचे मागच्या महिन्याचे आकडे धरले, तर 8 टक्के. आणि खरी घट? हजाराचे 320 झाले, म्हणजे 68 टक्के! कुणी खोटं बोललेलं नाही, बेरीजही कुठे चुकलेली नाही.

गंमत अशी की एरवी या दोन्ही युक्त्या छान चालतात. अकाउंटंट रजेवर गेला म्हणून फॉर्म अडकतो, कारखाना मात्र सुरूच असतो. अशा वेळी जुना आकडा धरला तरी फारसं बिघडत नाही. मंदीत मात्र उत्पादन ज्या कारणाने बुडतं, त्याच कारणाने फॉर्मही येत नाही. ज्याचं सर्वांत जास्त बुडालं तोच गप्प! त्यामुळे मंदी जितकी खोल, तितका ती कागदावर उथळ दिसण्याचा धोका मोठा.

त्यात सगळ्यांचं गप्प बसणं सारखं नसतं. बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे. मंदीत तिचा वेग कमी होतो, पण तिचा आकडा पेट्रोलियम मंत्रालयामार्फत येतच राहतो. मकरपुऱ्यातलं छोटं शेड बंद पडलं, की फॉर्म भरणारा माणूसच गावी गेलेला असतो. रिफायनरीच्या आकड्यावरून त्या शेडचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून गप्प युनिटची जागा भरायचीच असेल, तर त्याच्यासारखाच माल बनवणाऱ्या, तेवढ्याच आकाराच्या युनिटकडे पाहावं लागतं. त्याआधी फोन करून किंवा माणूस पाठवून एवढं तरी कळायला हवं, की ते बंद आहे की नुसतंच उत्तर देत नाही. बंद युनिटचं शून्य हीसुद्धा माहितीच असते.

याची खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. देशाचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक 2011-12 हे वर्ष 100 धरून काढला जात होता. कोविड टाळेबंदीतल्या एप्रिलचा आकडा जूनमध्ये आला: 56.3. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने तो दिला, पण आधीच्या महिन्यांशी त्याची तुलना करणं योग्य नाही असं स्पष्ट बजावून वाढ-घटीची टक्केवारी दिलीच नाही. सरकारी खातं टक्केवारी हातची राखून ठेवतं, हे मला फार धीराचं वाटतं. महिन्याभराने आणखी माहिती गोळा झाल्यावर तोच एप्रिल 53.6 वर उतरला आणि पुढे 54.0 वर स्थिरावला. पहिला आकडा थोडा वर आणि उशिरा आलेल्या माहितीने तो खाली, मकरपुऱ्याच्या हिशेबातली दिशाही हीच.

वर्षभराने दुसरा चमत्कार घडला. एप्रिल 2021 चा निर्देशांक 126.6, म्हणजे 134.4 टक्के वाढ! भारतात रातोरात दुप्पट कारखाने उभे राहिले नव्हते. 2019 च्या एप्रिलशी ताडून पाहिलं, तर गाडी जवळजवळ तिथेच होती. मंदीनंतरच्या कुठल्याही टक्केवारीला आधी विचारावं, तुझं मागचं वर्ष कसं होतं?

आकडा मागाहून बदलला की 'सरकारने आकडे फिरवले' अशी ओरड होते. माझं मत उलट आहे: मंदीतला जो आकडा पुढे कधीच सुधारला जात नाही, त्याच्याकडेच संशयाने पाहावं. तो सुधारायचा तर फॉर्म यायला हवेत, आणि ते भरायला घाबरायचं कारण नाही: सांख्यिकी संकलन कायदा, 2008 नुसार एकेका कारखान्याची माहिती नावानिशी प्रसिद्ध करता येत नाही. त्यामुळे युनिटमालकांनो, शटर खाली असताना फॉर्म आला, तर उत्पादनाच्या रकान्यात शून्य लिहा आणि तो परत पाठवा.