स्लॅबच्या आयुष्याचे गणित

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. पुढे लातूर-उस्मानाबादमधली गावेच्या गावे नव्या जागी वसली आणि मराठवाड्याचा भरवसा सिमेंट-सळईवर बसला. तो योग्यच होता. पण काँक्रीटलाही वय असते, आणि त्या काळातली बांधकामे आता तिशीच्या आसपास आहेत.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की इतर पदार्थांबरोबर विरी गेलेला चुनाही तयार होतो. त्यामुळे काँक्रीटचा सामू साडेबाराच्या वर राहतो आणि सळईवर ऑक्साइडचा अतिपातळ थर टिकून ती गंजत नाही. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि त्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करत जातो. सामू नऊच्या खाली आला की सळईचे कवच गेले. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुटते. सळईच्या रेषेत पडलेल्या भेगा आणि छताचे सुटलेले पोपडे हा शेवटचा टप्पा.

गणित त्याच्या किती तरी आधी सुरू होते. चुन्याच्या या बदलाला कार्बनीकरण म्हणतात, आणि ते पृष्ठभागापासून जितके आत पोचते ती खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, १६ वर्षांत ती १२ मिलिमीटर झाली. मग सळईवर काँक्रीटचे ३० मिलिमीटर कव्हर असेल तर तिथे पोचायला १०० वर्षे लागतील, २० असेल तर ४४. आणि स्लॅब ओतताना कव्हर ब्लॉक न ठेवल्याने सळई खाली बसून १० मिलिमीटरच उरले असेल, तर अवघी ११!

स्वीडनचे संशोधक क्योस्टी टूटी यांनी १९८२ मध्ये काँक्रीटच्या आयुष्याचे दोन भाग पाडले: सळईपर्यंत धोका पोचण्याचा काळ आणि नंतर गंज वाढण्याचा. मराठवाड्याला ही विभागणी चांगलीच लागू पडते. कार्बनीकरण मध्यम कोरड्या हवेत जोरात चालते, गंजाला मात्र ओल लागते. इथे लांबलचक कोरडे महिने पहिले काम करतात आणि गळक्या छतावरचा पावसाळा दुसरे. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीच्या पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचा हिशोब निराळा. पाण्याने भरलेल्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. तिथे चुना विरघळून वाहून जाण्याचा विचार आधी करावा लागतो. म्हणूनच संगणकावरची प्रारूपे छिद्रांची रचना, आर्द्रता आणि रासायनिक अभिक्रिया एकत्र सोडवतात.

या सगळ्या आकड्यांत सर्वात निर्णायक ठरतात ते पहिले काही दिवस. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवले, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळले, तर छिद्रे बारीक राहतात. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस पाणी मारायला सांगते. पण एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, तिथल्या गवंड्याने स्लॅबसाठी ते कुठून आणायचे? बोअरचे पाणी खारे असेल तर क्लोराइड तपासायलाच हवे. सळईच्या काँक्रीटसाठी मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

जुन्या घराची तपासणी फार अवघड नाही. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालेल्या भागात सामू अजून वरचा असतो. रंगहीन राहिलेली पट्टी मोजली की सूत्रातली खोली हाती येते. ती सळईपर्यंत पोचलेली नसेल, तर गळती थांबवून आणि कार्बन डायऑक्साइड रोखणारा लेप देऊन बरीच वर्षे वाढवता येतात. पोचली असेल तर खराब काँक्रीट फोडून, सळई घासून, नवे कव्हर द्यावे लागते, आणि तो खर्च किती तरी मोठा असतो.