पाप, प्रायश्चित्त व तारण, ख्रिस्ती धर्मातील

मनुष्य पापाच्या बंधनात आहे, स्वतःच्या बळावर त्याला त्यातून सुटता येत नाही आणि येशू ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने त्याच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती मांडणी होय. एवढ्या विधानाबाबत प्रमुख ख्रिस्ती पंथांत दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते पुढील प्रश्नांवर : पाप म्हणजे नेमके काय, ख्रिस्ताच्या मरणाने ते कसे फिटते आणि त्याचे फळ कोणाला, कोणत्या अटींवर मिळते. नायसीया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांनी ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी काटेकोर सूत्रे ठरविली. ख्रिस्त आमच्या तारणासाठी आला असेही सांगितले. पण हे तारण कसे घडले याची एकच एक उपपत्ती सर्वमान्य धर्मपरिषदेने कधीही बंधनकारक केली नाही. पुढील मतवैविध्याचे मूळ या मोकळिकीत आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत भाषेची एक अडचण आरंभीच उभी राहते. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त हे पाप करणाऱ्याने स्वतः करावयाचे असते. कृच्छ्र, चांद्रायण ही त्याची ठळक उदाहरणे. मराठी बायबल व प्रॉटेस्टंट वाङ्‌मय यांत मात्र हाच शब्द ख्रिस्ताने पापी मनुष्याकरिता केलेल्या कार्याला लावला जातो. कॅथलिक परंपरेत त्याचा तिसराही उपयोग आहे : पापनिवेदनानंतर धर्मगुरू जी प्रार्थना वा सत्कृत्य नेमून देतो, तेही प्रायश्चित्तच. ‘तारण’ या शब्दाला सावकारी व्यवहाराचा, तर ‘खंडणी’ या शब्दाला मराठ्यांच्या इतिहासाचा वास आहे. हे शब्द एका अर्थाने लिहिले गेले आणि अनेकदा दुसऱ्या अर्थाने वाचले गेले. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी व शास्त्री यांच्या वादांतील बराच धुरळा त्यामुळेच उडालेला दिसतो.

पापाची कल्पना : बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम व हव्वा यांच्या आज्ञाभंगाची कथा आहे. सेंट पॉलने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात एका मनुष्याच्या द्वारे पाप व पापाच्या द्वारे मरण जगात आले, असे प्रतिपादिले. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने या वचनाच्या लॅटिन भाषांतराच्या आधारे सर्व मानवजात आदामाच्या ठायी पापी झाली, असा अर्थ लावला. मूळ ग्रीक शब्दयोजनेतून हा अर्थ निश्चितपणे निघत नाही, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. परंतु पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराची दिशा या अर्थानेच ठरली. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जीवन जगू शकतो, हे पेलेजिअसचे मत कार्थेजच्या परिषदेने (४१८) त्याज्य ठरविले.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चने ऑगस्टीनचा अर्थ स्वीकारला नाही. त्या परंपरेनुसार आदामापासून मनुष्याकडे मर्त्यता आणि दुर्बलता येते, दोष येत नाही. पाप हा गुन्ह्यापेक्षा रोग अधिक आहे. पश्चिमेत कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोघांनी आद्यपाप मानले, पण त्याची व्याप्ती वेगवेगळी सांगितली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये असे ठरविले, की बाप्तिस्म्याने आद्यपाप खरोखर नष्ट होते. मागे उरते ती वासना, पण ती स्वतः पाप नव्हे. मार्टिन ल्यूथरच्या (१४८३–१५४६) मते ती वासना हेच पाप असून श्रद्धावान मनुष्यही एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो.

हिंदू वाचकाला आद्यपाप दुर्बोध वाटते, याचे कारण उघड आहे. संचित कर्म ज्याचे त्याचे असते. येथे मात्र दुसऱ्याच्या कृत्याचा भार जन्मतःच अंगावर येतो. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हा धर्मशास्त्रातील दंडक त्यातल्या त्यात जवळचा. दक्षिण कोकणातील गाऱ्हाण्यातही गावाच्या वतीने एकजण देवापुढे उभा राहतो आणि सर्वांच्या कळत-नकळत झालेल्या चुकांबद्दल क्षमा मागतो. अर्थात दोष सामूहिक असू शकतो व एकाने सर्वांसाठी बोलावे, एवढेच साम्य त्यात आहे; त्यापलीकडे ते ताणू नये.

प्रायश्चित्ताच्या उपपत्ती : येशूने आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, असे शुभवर्तमानात म्हटले आहे. खंडणी कोणाला दिली, हा प्रश्न आद्य चर्चला पडला. निसाचा ग्रेगरी याने ती सैतानाला दिली गेली व सैतान त्यात फसला, असे सांगितले. नाझिअँझसचा ग्रेगरी याला ही कल्पनाच अनुचित वाटली. तथापि ख्रिस्ताने मृत्यू व सैतान यांच्यावर विजय मिळविला, हे चित्र पूर्वेकडील उपासनेत आजही प्रधान आहे. स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ औलेन याने १९३० मध्ये या विजयकल्पनेकडे पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले.

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (सु. १०३३–११०९) याने १०९८ च्या सुमारास निराळी उपपत्ती मांडली. पापामुळे ईश्वराच्या सन्मानाला बाध येतो. त्याची भरपाई मनुष्याने करावयाची, पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराचे. म्हणून ईश्वर मनुष्य झाला. सरंजामी समाजातील मानमर्यादेची छाया या विचारावर आहे. पीटर ॲबेलार्डने (१०७९–११४२) क्रुसावरील प्रेमाच्या दर्शनाने पापी मनुष्याचे हृदय पालटते, यावर भर दिला. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) आणि त्याचे अनुयायी यांनी अँसेल्मच्या भरपाईच्या जागी शिक्षा आणली : पाप्याला मिळावयाची शिक्षा ख्रिस्ताने स्वतः भोगली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज, स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात मुख्यतः हीच शेवटची उपपत्ती आणली आणि पुष्कळ मराठी वाचकांनी तीच अखिल ख्रिस्ती धर्माची शिकवण मानली.

या समजाचे एक बोलके उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाने त्यांना असे समजावले, की मनुष्याचे सुधारण्याचे सर्व प्रयत्न व्यर्थ आहेत. ख्रिस्ताने पापाचा भार उचलला यावर विश्वास ठेवला, की पाप घडत राहिले तरी त्याचे बंधन राहत नाही. आपल्याला पापाच्या परिणामांपासून नव्हे, तर पापापासूनच मुक्ती हवी आहे, असा गांधींच्या उत्तराचा आशय होता. सर्व ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत, हे त्यांना आपल्या इतर ख्रिस्ती मित्रांच्या आचरणावरून ठाऊक होते व तसे त्यांनी नमूदही केले. पण उद्धृत होते ते बहुधा केवळ त्यांचे उत्तर. या ग्रंथाचा मराठी अनुवाद कणकवली येथील गोपुरी आश्रमाचे संस्थापक सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी केला आहे. गांधींचा आक्षेप मर्मग्राही आहे, पण तो एका पंथाच्या एका टोकाच्या मांडणीला लागू पडतो. कॅथलिक शिकवणीत पापापासून सुटका आणि अंतःकरणाची शुद्धी या वेगळ्या गोष्टी नाहीत. कॅल्व्हिननेही पवित्र जीवनाविना श्रद्धा खरी मानली नाही.

तारणाचा मार्ग : पापक्षमापत्रांच्या विक्रीवर टीका करीत ल्यूथरने १५१७ मध्ये ज्या वादाला तोंड फोडले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मनुष्य केवळ श्रद्धेने, केवळ कृपेने नीतिमान ठरतो; सत्कर्मे हे त्या श्रद्धेचे फळ होय, कारण नव्हे, असे त्याचे म्हणणे. यावर ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये असे उत्तर दिले, की आरंभ कृपेनेच होतो, परंतु मनुष्य त्या कृपेला संमती देतो, तिच्या साहाय्याने सत्कर्मे करतो व अंतर्यामी खरोखर नीतिमान होत जातो. कॅल्व्हिनवाद्यांनी डॉर्टच्या परिषदेत (१६१८-१९) कोणाचे तारण होणार हे ईश्वराने आधीच निवडले आहे, हे मत पक्के केले. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने ते नाकारून कृपा सर्वांना खुली असल्याचा उपदेश केला. लूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी औग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या करून नीतिमान ठरण्याच्या मूलभूत सत्यांबाबत सहमती जाहीर केली. सोळाव्या शतकातील परस्परांचे धिक्कार या घोषणेत मांडलेल्या शिकवणीला लागू पडत नाहीत, असेही तीत म्हटले आहे.

ग्रंथांतील हे भेद व्यवहारात कसे उतरतात, हे दक्षिण कोकणात जवळून पाहता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः गोव्यातून आलेल्या कॅथलिकांचा असून कणकवलीसह सर्व जिल्हा २००५ मध्ये स्थापन झालेल्या व सावंतवाडी हे पीठ असलेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतो. वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम केले व रुग्णालय चालविले. कॅथलिक मनुष्य गंभीर पापाची कबुली धर्मगुरूपाशी देतो (कोकणीत यास ‘कुमसार’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजमधून आला) आणि वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, हा १२१५ पासूनचा नियम पाळतो. प्रेसबिटेरियन मनुष्य पापाची कबुली उपासनेत व एकांतात थेट ईश्वरापाशी देतो. मृत्यूनंतरचा भेद अधिक ठळक आहे. मृताचा आत्मा शुद्धिस्थानात असेल व जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होईल, या श्रद्धेने कॅथलिक कुटुंब सातव्या दिवशी, महिन्याने आणि २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी मिस्सा अर्पण करविते; प्रॉटेस्टंट अंत्यविधीत सांत्वन मागे राहिलेल्यांचे असते, मृतासाठी काही मागितले जात नाही.

बाप्तिस्मा न झालेल्यांचे भवितव्य : ज्यांचे आईवडील जुन्या धर्मात मरण पावले, अशा धर्मांतरितांना सर्वांत जास्त व्यथित करणारा प्रश्न हा होता. सेंट फ्रान्सिस झेव्हियरने जपानहून परतल्यावर १५५२ मध्ये लिहिलेल्या पत्रात तेथील नवख्रिस्ती आपल्या पूर्वजांसाठी रडत असत, त्यांच्यासाठी काहीच करता येणार नाही काय असे विचारीत असत आणि आपल्याला नकारार्थी उत्तर द्यावे लागे, असे नमूद केले आहे. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या समाजाला हे उत्तर किती कठोर वाटले असेल, हे सांगावयास नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, जे स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताला ओळखत नाहीत पण प्रामाणिक मनाने ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकबुद्धीनुसार वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते, असे स्पष्ट केले. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या अर्भकांसाठी कल्पिलेल्या सीमास्थानाविषयी पोपच्या संमतीने २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनात, या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे म्हटले आहे. अनेक इव्हँजेलिकल पंथ मात्र ख्रिस्तावरील व्यक्त श्रद्धेविना तारण नाही, या मतावर ठाम आहेत.

मराठीतील विचार : इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सु. अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीची उत्पत्ती व मानवाचे पतन यांपासून सुरू होते. दुसरे ख्रिस्ताचे चरित्र सांगते. नवख्रिस्ती ब्राह्मणांच्या प्रश्नांना पाद्री उत्तरे देतो, अशी योजना आहे. ट्रेंटची शिकवण येथे वैकुंठ, मुक्ती यांसारख्या ओळखीच्या शब्दांत येते. पुढील काळातील प्रॉटेस्टंट लेखकांनी अशी पौराणिक परिभाषा बहुधा टाळली.

नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–९५) यांचा प्रवास या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूरच्या मतपरीक्षा या ग्रंथाला शास्त्रतत्त्वविनिर्णय या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. जगातील विषमता व निष्पाप जीवांचे दुःख यांचा उलगडा पूर्वकर्माने होतो, तसा ख्रिस्ती मताने होत नाही. मर्यादित अपराधाला अनंत नरक ही शिक्षा न्याय्य नाही, असे त्यांचे आक्षेप होते. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोरे झाले. मिशनच्या इव्हँजेलिकल वातावरणातून ते पुढे चर्च ऑफ इंग्लंडमधील संस्कारप्रधान परंपरेकडे वळले. अनंत शिक्षेचा त्यांचा आक्षेप अद्यापही जुना झालेला नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्यावर गोऱ्यांचा प्रभाव पडला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही चर्चची मते जशीच्या तशी स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला) याची साक्ष देतो. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला व प्रत्यक्ष ख्रिस्त काही वर्षांनी, असे त्यांनी आपल्या निवेदनात म्हटले आहे. पापक्षमेचा व्यक्तिगत अनुभव हा त्यांच्या दृष्टीने तारणाचा गाभा ठरला. केडगाव येथील आपल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हेच नाव दिले. तेथे दुष्काळग्रस्त, निराधार स्त्रियांना आसरा मिळाला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ केवळ परलोकापुरता राहिला नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या काव्यात न्यायासनापुढील शिक्षेपेक्षा भक्त आणि गुरू यांच्या नात्याला अधिक महत्त्व आहे. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. प्रायश्चित्ताच्या पाश्चात्त्य उपपत्ती त्यांनी खोडून काढल्या नाहीत, त्या फारशा वापरल्याही नाहीत. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडल्यावर १९१७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून प्रवेश होता.