पांझरेचा पाट आणि मोटारीचा दिवा

गेल्या भाऊबिजेला आम्ही सहकुटुंब जळगावहून धुळ्याला निघालो. पारोळे मागे पडले, अंधार दाटला, आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या प्रखर झोताने आमच्या धाकट्या बंधूंचे डोळे असे दिपले की, कडेने चाललेली कापसाची बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. सौभाग्यवती ऐन वेळी ओरडल्या म्हणून निभावले. धुळ्याला पोचल्यावर आमचे पांढरे चेहरे पाहून ताईने दारातच विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?"

फराळाच्या ताटावर विषय निघाला तो दिव्यांचाच. आमचे मेहुणे पेशाने इंजिनियर, पण मूळचे पांझरेकाठचे शेतकरी.

"प्राध्यापक, यावर तोड निघालेली आहे," ते म्हणाले. "2013 साली ऑडीने एक मोटार काढली. तिच्या प्रत्येक हेडलाइटच्या लांब झोतात 25 निरनिराळे एलईडी. समोरून वाहन आले की कॅमेरा ते हेरतो, आणि त्या वाहनाच्या रोखाचे तेवढेच दिवे मंदावतात. बाकीचा रस्ता उजळलेला!"

दिवा मंद करायचा तर वीज कमी करायची, एवढेच आमचे ज्ञान. परंतु एलईडीचा प्रवाह घटवला की प्रकाशाचा रंगही किंचित बदलतो. म्हणून म्हणे प्रवाह पुराच ठेवून दिवा सेकंदाला शेकडो वेळा लावतात नि विझवतात. पाव वेळच लागला तर उजेड पाव; डोळ्याला लुकलुक कळतही नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र कधीकधी पट्टे दिसतात, ते याच चोरीचे.

"पण ही उघडझाप मुळाशी करून चालत नाही," मेहुणे म्हणाले. "प्रवाह येतो तारेच्या वेटोळ्यातून. तिथे बंद केला तर पुन्हा चढायला वेळ घेतो, आणि तेवढ्यात लागण्याची पाळी सरतेसुद्धा. आपल्या फडाचेच पाहा. पिकाला पाणी नको म्हणून कोणी बंधारा फोडतो काय? पाटकरी चारीच्या तोंडाशी पाणी वळवतो, जास्तीचे सांडव्यातून नदीला परत जाते. पाट वाहताच असतो. तोंड उघडले की पाणी लगेच शेतात."

दिव्याच्या दोन टोकांना जोडलेला ट्रान्झिस्टर हाच तो पाटकरी. (आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ!) तो चालू झाला की प्रवाह सोप्या वाटेने बगल देऊन जातो, दिवा विझतो, बंद झाला की तोच प्रवाह सेकंदाच्या दशलक्षांशाच्या हिशेबात दिव्यात शिरतो. एका माळेतले दिवे असले तरी प्रत्येकाचा पाटकरी वेगळा, म्हणून एक विझला तरी शेजारी अंधारात बसत नाहीत. अट एवढीच की, मागून येणारा प्रवाह मोजूनमापून दिलेला हवा. नाहीतर ही बगल म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. शिवाय पाटकऱ्याचे अंग थोडे तापते, तेवढी वीज वाया.

बंधूंनी लाडू ठेवून अशा मोटारीची किंमत विचारली. मेहुण्यांनी सांगितली.

परतीला आम्ही दुपारी जेवून लगेच निघालो, आणि दिवस मावळायच्या आत जळगाव गाठले.