गव्हाच्या वावरात सेंद्रिय खताची परीक्षा

बुटीबोरीची औद्योगिक वसाहत मागे पडली की काळी जमीन सुरू होते. खरिपात कापूस, तूर, सोयाबीन; रब्बीत ओलिताखाली गहू. जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकवायला हवा हे शेतकऱ्याला पटले आहे, पण बाजारातले कोणते सेंद्रिय खत घ्यावे, किती घ्यावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर हिशेबाने आणि चाचणीनेच मिळेल.

ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी सुमारे ४८ किलो नत्राची शिफारस आहे. कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, टनाला ५ किलो. सगळी गरज शेणखतावर भागवायची तर एकरी जवळपास १० टन लागेल. त्यातलेही सगळे नत्र पहिल्या हंगामात पिकाच्या हाती येत नाही. सूक्ष्मजीव ते सावकाश मोकळे करतात. खत अर्धेकच्चे असेल तर ते कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि गहू पिवळा पडतो. म्हणून खत पुरते कुजलेले असणे ही पहिली अट.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. दरवर्षी त्याच तुकड्यांना तीच खते. शिफारशीच्या रासायनिक खतांना शेणखताची जोड मिळालेले तुकडे तिथे उत्पादनात आघाडीवर राहिले, त्यांचा कर्बही सुधारला. नुसत्या नत्रावर ठेवलेले तुकडे मागे पडले. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला गव्हावर असाच प्रयोग १८४३ पासून चालू आहे. एका हंगामाचा हिरवेपणा पाहून खताचा निकाल लावता येत नाही, हेच दोन्हीकडचे सांगणे.

ही परीक्षा आपल्या वावरातही घेता येते. पेरणीआधी माती तपासा. धुऱ्यालगतची आणि चिबड जागा सोडून सारखे पट्टे आखा: एक बिनखताचा, एक शिफारशीच्या रासायनिक खताचा, एक निम्म्या रासायनिक खतासोबत सेंद्रिय खताचा, एक निव्वळ सेंद्रिय. प्रत्येक प्रकार शेतात तीन ठिकाणी येऊ द्या. वाण, पेरणीची तारीख, ओलित सारखेच ठेवा. मळणीनंतर प्रत्येक पट्ट्याचे धान्य वाळवून वेगळे तोला, खर्च मांडा आणि किमान तीन रब्बी हंगाम नोंदी ठेवा.

तोवर सगळे वावर नव्या खताच्या भरवशावर सोडू नका, आणि घरचे शेणखत उकिरड्यावर उन्हापावसात वाया जाऊ देऊ नका.