फिरंग्यांचे चौल, नारळी-पोफळींचा रेवदंडा

अलिबागेस जाणाऱ्या मुंबईकर प्रवाशाचा क्रम आता इतका ठरून गेला आहे की, मांडव्याच्या धक्क्यावर उतरावे, ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाऊन यावे, नागावच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवावी आणि मासळीचे जेवण जेवून परतावे, यापलीकडे त्या मुलखात पाहण्याजोगे काही असेल अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. वस्तुतः नागाव ओलांडून तीच सडक तशीच दक्षिणेस धरली, तर चौलच्या आगरांतून ती एका जुन्या पोर्तुगीज नगराच्या, म्हणजे आजच्या रेवदंड्याच्या, तटातून आत जाते. मात्र आपण किल्ल्यात केव्हा शिरलो याचा मोटारीतल्या मंडळींना बहुधा पत्ताही लागत नाही.

चौल हे बंदर फिरंग्यांच्या आगमनापूर्वीच पुरातन झालेले होते. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सुमारे तीन दशके आधी अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथेच उतरला. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे, हे तेथून जाणाऱ्या शेकड्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे! १५०८ साली याच बंदराच्या मुखाशी झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज विजरईचा पुत्र लोरेन्सो द आल्मैदा ठार झाला. तरीही निजामशाहीकडून किल्ला बांधण्याची परवानगी मिळवून फिरंग्यांनी १५२० नंतरच्या दशकात येथे कायमचे ठाणे बसविले, १५७०-७१ चा निजामशाही वेढाही निभावून नेला आणि मठ, चर्चे, वखारी यांनी तटाच्या आतील जागा भरून काढली.

त्या वैभवातून आज जे उरले आहे, ते नारळी-पोफळींच्या वाड्यांत शोधावे लागते. पाटाच्या पाण्याने भिजलेली वाट, एका बाजूस सोडणांचा ढीग, दुसऱ्या बाजूस वाळत घातलेली सुपारी, आणि मध्येच झाडांच्या शेंड्यांवरून डोके काढणारा 'सातखणी' मनोरा. सातांपैकी वरचे मजले कोसळून गेले असले, तरी उरलेले खण आपल्या दगडी खिडक्यांनिशी उभे आहेत आणि पायथ्याशी जुन्या तोफा गंजत पडल्या आहेत. राखीव आवारातल्या, पाटी लावलेल्या अवशेषांपेक्षा रयतेच्या रोजच्या राबत्यात मुरलेले हे अवशेष मला अधिक बोलके वाटतात. मात्र वडा-पिंपळांची मुळे दगडांच्या सांध्यांत ज्या वेगाने शिरत आहेत, तो पाहता हा बोलकेपणा किती काळ टिकेल याची चिंता वाटल्याखेरीज राहत नाही.

कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईची डोंगरसोंड समुद्रात घुसली आहे. तिच्यावरील निजामशाही गढी १५९४ साली फिरंग्यांनी जिंकली. दीपगृहाजवळून पायऱ्या चढून गेले की आडव्या तटांनी विभागलेला तो अरुंद किल्ला, छप्पर हरपलेले चर्च आणि कोरीव लेखांच्या शिळा दृष्टीस पडतात. वसईच्या पाडावानंतर १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या स्वाधीन झाली, फिरंग्यांचा अंमल उठला. पण पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी फिरंग्यांची भाषा टिकून राहिली. सभोवारच्या मराठीच्या सहवासाने तिची वाक्यरचनाही पालटली असून क्रियापद आता आपल्याप्रमाणेच शेवटी येते. अशी भाषा बोलणारी माणसे आज जेमतेम हजाराच्या घरात आहेत. माझ्या मते या साऱ्या परिसरातील सर्वांत मोलाचा अवशेष हाच होय, आणि तो दगडाचा नाही.

जाणाऱ्याने पावसाळा टाळावा, कारण कोर्लईच्या पायऱ्या निसरड्या होतात. रेवदंड्यातील वाड्या खाजगी आहेत. तेव्हा तटाच्या भिंतीकडे वळण्यापूर्वी मालकास विचारावे आणि पडलेला नारळ उचलू नये.