जागरण दोनपर्यंत, उतारा गोजीच्या पाण्याचा

रात्री दीड-दोनपर्यंत मोबाइल पाहत जागायचं आणि सकाळी ऑफिसला निघताना थर्मासमधल्या गरम पाण्यात वाळवलेली लाल गोजी फळं टाकायची. बिअर प्यायची, पण तिच्यातही गोजीचे चार दाणे घालायचे. चीनच्या शहरांमधले तरुण स्वतःच्या या सवयींना गमतीनं ‘पंक यांगशेंग’ म्हणतात. ‘यांगशेंग’ म्हणजे जीवनाचं पोषण. आपल्याकडच्या दिनचर्या-ऋतुचर्येशी जवळीक असलेली ही जुनी चिनी कल्पना. थर्मास आणि गोजी ही काही वर्षांपूर्वीपर्यंत पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसाची खूण मानली जाई. आता ती विशी-तिशीतल्यांच्या हातात आली आहे.

बाजारानं हे लगेच हेरलं. 1669 मध्ये सुरू झालेल्या ‘तोंगरेनतांग’ या बीजिंगच्या औषधी पेढीनं कॉफीची दुकानं थाटून तिथे गोजी घातलेली लाटे विकायला घेतली. 2023च्या उन्हाळ्यात हांगझोऊमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयातलं आंबट आलुबुखाराचं पेय इतकं गाजलं, की ते घेण्यासाठी तरुणांची रीघ लागली.

खिसा आणि थकवा

यामागे केवळ फॅशन नाही. जून 2023 मध्ये चीनच्या शहरांत 16 ते 24 वयोगटातली बेरोजगारी 21.3 टक्क्यांवर गेली होती. ज्यांना नोकरी आहे, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला ‘996’ येतं, म्हणजे सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 6 दिवस. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं, तरी लांबलेले कामाचे तास संपलेले नाहीत. दिवस कंपनीचा, म्हणून रात्र तरी आपली, या भावनेतून होणाऱ्या जागरणाला तिथे ‘सूडाचं जागरण’ असा शब्दच आहे.

भविष्याची खात्री नसली की मोठे खर्च लांबणीवर पडतात आणि छोट्या सुखांवरचा खर्च वाढतो. ‘मिश्वे’च्या दुकानात चार युआनला लिंबाचं सरबत मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये ‘लकिन’नं माओताई या महागड्या मद्याचा स्वाद असलेली कॉफी आणली, तेव्हा पहिल्याच दिवशी 54 लाखांहून अधिक कप खपले. काढा, कॉफी, सरबत असं सगळं एकाच दिवसात पोटात जातं.

शरीराचा हिशेब

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असं नसतं. आलुबुखाराच्या त्या पेयात ज्येष्ठमध घालण्याची पद्धत आहे. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नियमित आणि जास्त प्रमाणात पोटात गेलं, तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. गोजीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

‘शुगर-फ्री’ पेयांचंही तसंच. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सुचवलं. चीनमधल्या अनेक बिनसाखरेच्या पेयांत एरिथ्रिटॉल असतं. ही शिफारस त्याला लागू नाही. मात्र ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचं प्रमाण जास्त, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळले, असं त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. यावरून तेच कारण आहे असं सिद्ध होत नाही, पण बिनधास्त पिण्याचा परवानाही मिळत नाही.

सर्वांत मोठी तूट झोपेची आहे. कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही रक्तात असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021च्या अहवालानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35-40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी, तर हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. ‘996’चे तास भरतात 72. त्याची भरपाई करणारं फळ किंवा मूळ अजून सापडलेलं नाही.

तरीही या लाटेत जमेची बाजू आहे. गोड पेयाऐवजी गरम पाणी पिणं, ‘बादुआनजिन’सारखे सावकाश करायचे व्यायाम पुन्हा शिकणं, या सवयी चांगल्याच. शांघायमध्ये 2024 पासून पेयांवर साखर आणि मेदानुसार ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी छापण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यामुळे कपात काय आहे ते ग्राहकाला कळू शकतं.

करोनाच्या काळात महाराष्ट्रातही घरोघरी काढे उकळत होते आणि ज्येष्ठमधाची कांडी आपल्याकडे नवी नाही. ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयाचं औषध चालू आहे, त्यांनी असं कोणतंही पेय रोजचं करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. इतरांनी निदान कॉफी दुपारनंतर बंद करून झोपेची वेळ ठरवावी. त्याला पैसे पडत नाहीत.