गप्प मुलांचा वर्ग

पहिलीतलं एखादं मूल वर्गात महिनोन्महिने तोंड उघडत नसेल, तर पुण्या-नागपुरातले आईवडील धास्तावतात. कानाच्या डॉक्टरांकडे जातात, समुपदेशक गाठतात, शाळा बदलायचीही तयारी ठेवतात. गडचिरोलीच्या भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत अशा मुलाकडे कुणाचं सहसा लक्षच जात नाही. तिथे पहिलीचा बराचसा वर्ग सुरुवातीचे काही महिने गप्पच असतो, कारण घरी माडिया बोली आणि शाळेत मराठी. त्या गप्प मुलांत एकाला ऐकू कमी येत असेल, एकीला फळा दिसत नसेल, एखाद्याची समज वयाच्या मागे असेल, एखाद्याचं अंग सिकलसेलने दुखत असेल. गुरुजींनी ते ओळखायचं कसं? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकांच्या अडचणी सांगायला बसलं तर रात्र पुरणार नाही. पण त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी मला हाच एक प्रश्न दिसतो.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगलाचा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरमागे माणसं अवघी ७४. वस्ती विरळ म्हणून गावं छोटी, गावं छोटी म्हणून शाळा छोट्या. पंधरा-वीसचा पट, चार-पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. त्यांतला एक बैठकीला, पोषण आहाराच्या हिशेबाला किंवा निवडणुकीच्या कामाला तालुक्याला गेला की उरतो एक. तो एका कोपऱ्यात चौथीला भागाकार सांगतो, दुसऱ्या कोपऱ्यात पहिलीला अक्षरं गिरवायला लावतो. या धांदलीत जे मूल रडत नाही, भांडत नाही, ते सगळ्यात मागे पडतं.

भाषेचा पसारा तर एकट्या गोंडी-माडियावर थांबत नाही. सिरोंच्यात घरोघर तेलुगू, कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात डोंगरावरच्या गुड्यांवर कोलामी, तांड्यांवर गोरमाटी. ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, ती याच तालुक्यातली. तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा चालतात. कोणत्या भाषेत शिकायचं हे आईबाप ठरवतात आणि त्यातल्या कित्येक मुलांची घरची भाषा या दोन्हींपेक्षा तिसरीच असते. माडिया गोंड आणि कोलाम यांची नोंद केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी समूहांत केली आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या देशभरात तीस लाखांच्या घरात होती, तरी गोंडी अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

आता वर्गात जरा जवळून पाहू. बाई म्हणतात, ‘वही काढा.’ मुलं वह्या काढतात. ‘पान उघडा.’ पानं उघडतात. बाईंना वाटतं, समजलं. पण एका मुलीकडे नीट बघत राहिलं, तर तिची नजर बाईंवर नसते, शेजारणीच्या हातावर असते. शेजारीण पिशवीत हात घालते, मग ही घालते. क्षणभर उशिरा, पण न चुकता. ही मुलगी हुशार आहे. नक्कल करून दिवस निभावून नेण्याची युक्ती तिने स्वतः शोधली आहे. मात्र हीच युक्ती मराठी न समजणारं मूल वापरतं आणि कमी ऐकू येणारं मूलही वापरतं. वरून दोघं सारखीच दिसतात.

फरक ओळखायचा एक साधा उपाय बिनखर्चाचा आहे. चौथीतल्या एखाद्या बहिणीला त्या मुलीच्या पाठीमागे उभं करायचं आणि हळू आवाजात माडियात काहीतरी गमतीचं बोलायला सांगायचं. मान वळली, चेहऱ्यावर हसू आलं, तर अडचण भाषेची. वळली नाही, तर कान तपासायला हवेत. याला यंत्र लागत नाही, माडिया बोलणारं कुणीतरी लागतं. आणि गुरुजींना ती बोली येत नसेल, तर ही साधी तपासणीसुद्धा नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर करावी लागते.

बोलू लागलेल्या मुलांचं दुखणं आणखी वेगळं. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविड कुळातल्या भाषा. या कुळात ख, घ, ध, भ यांसारखे महाप्राण मुळातले नाहीत. मूल ‘घर’ला ‘गर’ म्हणतं, ‘भात’ला ‘बात’. गोंडीत नामांचे गट दोनच, एक पुरुषवाचक आणि दुसरा बाकी सगळ्यांचा. मराठीतलं तो, ती, ते हे तिहेरी कोडं या मुलाला वर्षानुवर्षं छळतं. त्याच्या वहीवर लाल रेघा पडत जातात आणि शेरा येतो, ‘उच्चार अस्पष्ट’, ‘लेखनात अशुद्ध’, ‘अप्रगत’. ज्या शिक्षकाला या भाषेची घडण कुणी समजावून सांगितलेली नाही, त्याला यात मुलाचा दोष दिसणारच. डी.एड.च्या वर्गात बालमानसशास्त्र शिकवतात. गडचिरोलीत नेमणूक मिळणाऱ्याला गोंडीची तोंडओळख मात्र व्हायलाच हवी, असं कुठे सक्तीचं नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांच्या जागी त्याने एकवीस प्रकार मान्य केले आणि अध्ययन अक्षमतेला त्यात जागा दिली. वाचताना अक्षरं उलटीपालटी होणं, हिशेबाची जुळणी न होणं, अशा अडचणी असलेल्या मुलांना मुंबईत शीव, नायर, केईएमसारख्या रुग्णालयांतून तपासून प्रमाणपत्र मिळतं आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. ही तपासणी बरीचशी वाचन-लेखनावर उभी असते. मूल ज्या भाषेत वाचतं ती त्याला नीट कळते, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. माडिया मुलाला मराठी धडा वाचायला देऊन तो अडखळला, तर त्यावरून काय ठरवायचं? अध्ययन अक्षमता नसलेल्या मुलावर शिक्का बसू शकतो, आणि जिला ती खरोखर आहे तिची अडचण ‘आदिवासी मुलं मराठीत कच्चीच असतात’ या एका वाक्याखाली दहावीपर्यंत झाकली जाऊ शकते. मला या दुसऱ्या मुलीची जास्त काळजी वाटते. तिच्यासाठी कुणी भांडत नाही.

याच एकवीस प्रकारांत सिकलसेलही आहे, आणि पूर्व विदर्भातल्या शिक्षकाला त्याच्याइतकं जवळचं दुसरं दुखणं नाही. आईवडील दोघांकडून दोष आला की मूल रुग्ण होतं, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्ण मुलाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. थंडी, ताप, दमणूक, पाणी कमी पडणं, यातलं काहीही निमित्त पुरतं.

हे एखाद्या आश्रमशाळेच्या दिवसावर ठेवून पाहा. पहाटे थंड पाण्याची आंघोळ, मग पटांगणात परिपाठ, संध्याकाळी धावण्याचा सराव. निरोगी मुलाला ही शिस्त मानवते, सिकलसेलच्या मुलाला तीच दवाखान्यात पोचवते. डोळे पिवळसर, अंगात रक्त कमी, आठवड्यातून दोन दिवस अंथरुणात; वर्गात त्याला आळशी म्हणतात. शिवाय एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून मुलांना पाणी भरपूर प्यावं लागतं आणि रात्री अंथरूण ओलं होणं नेहमीचं. वसतिगृहाच्या लांबलचक खोलीत बारा वर्षांच्या मुलाची यावरून रोज थट्टा झाली, की तो पाणी पिणंच सोडतो. पाणी सोडलं की दुखणं उठतं. अधीक्षकाला एवढं एक कळलं, मुलाचं अंथरूण संडासाजवळच्या दाराशी हलवलं, उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि वर्गात बाटली जवळ बाळगायची मुभा दिली, तर वर्षातली कितीतरी गैरहजेरी वाचेल. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. ते कार्ड पेटीच्या तळाशी राहून चालणार नाही, वर्गशिक्षकाच्या हजेरीपटाशेजारी त्याची नोंद हवी.

हिवतापाचंही तसंच. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो. ताप मेंदूत गेलेली मुलं जगली-वाचली, तरी काहींना पुढे फिट येतात, काहींची स्मरणशक्ती आणि बोलणं मंदावतं. गेल्या वर्षी पाढे म्हणणारं मूल यंदा विसरत असेल, तर ‘लक्ष देत नाही’ असं लिहिण्याआधी पावसाळ्यात त्याला काय झालं होतं हे घरी विचारावं.

मदतीची यंत्रणा कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. पण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाकडे बोट दाखवलं जातं आणि भामरागडहून गडचिरोली सुमारे १८० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. बापाची मजुरी बुडते, एका फेरीत काम होत नाही, दुसरी फेरी कुणी करत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून साहित्य नाही, भत्ता नाही, परीक्षेत तासामागे मिळणारी वीस मिनिटं नाहीत. शिबिरं तालुक्याला होतात तेव्हा मुलाला तिथवर नेण्याची जबाबदारी पुन्हा गुरुजींच्याच मोटारसायकलवर येते.

मोसमाची अडचण वेगळी. मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुलं वेचायला घरातलं प्रत्येक मूल हवं असतं, आणि उन्हाळ्याच्या आधीच कित्येक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. चंद्रपूरच्या बाजूला वाघाच्या भीतीने मुलांना एकटं पाठवत नाहीत. अपंग मुलाला सोबत न्यायला कुणी उरत नाही, म्हणून त्याची शाळा सगळ्यात आधी सुटते.

या दोन जिल्ह्यांत काम उभं राहिलेलं नाही असं कुणी म्हणू नये. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध मुलांची आणि मूकबधिर मुलांची शाळा अनेक दशकं चालू आहे. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जाणारी आणि मग कागद उलटून बोटांनी वाचणारी मुलं तिथे घडली. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा उभी राहिली. तिथून शिकलेली माडिया मुलं डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. त्याही आधी तिकडे डहाणूच्या डोंगरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या वारली मुलांपाशी कुरणशाळा नेली होती. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेने उठून जावं, हे मराठी शिक्षणाला त्यांनी फार पूर्वी दाखवून दिलं.

तरी एक गोष्ट मनात सलते. भामरागडच्या जंगलातलं बहिरं मूल दूरच्या निवासी शाळेत गेलं, तर तिथे त्याला खुणांची भाषा मिळते, मित्र मिळतात. सुट्टीत ते घरी येतं तेव्हा आईला त्यातली एकही खूण येत नसते. शिक्षण मिळालं आणि घर हातातून निसटलं, अशी त्याची गत होते. गावातल्या शाळेत थोडी मदत पोचली असती, तर कित्येक मुलांना इतक्या लांब जावंच लागलं नसतं.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली, वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा कलम २९ मध्ये सांगतो. मान्यतेचे नियम पाळायला हवेत हे खरं. पण मूल ज्या शाळेत पहिल्या दिवशी बोलतं, ती शाळा बंद करण्याऐवजी तिथे काय जमलं ते शिकून घेणं शासनाच्या जास्त फायद्याचं होतं.

आणि शिक्षक? बदली धोरणात हा भाग ‘अवघड क्षेत्र’ आहे. ठरावीक वर्षं इथे काढली की सोप्या ठिकाणी जाण्याचा हक्क मिळतो, आणि त्यात काही गैर नाही. त्यांनाही म्हातारे आईवडील आहेत, लेकरं आहेत. पण बोली कानावर बसायला, कोणत्या घरात सिकलसेल आहे, कोणाचं पोर रात्री फिट येऊन पडतं हे कळायला तीन वर्षं लागतात, आणि कळलं की बदलीची वेळ येते. नवे गुरुजी येतात, पुन्हा पहिलीपासून. निदान जाणाऱ्या गुरुजींनी प्रत्येक मुलामागे पानभर टिपण मागे ठेवावं आणि येणाऱ्याने ते वाचावं, एवढं तर आदेशाविनाही होऊ शकतं.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या प्राथमिकच्या दहा आणि माध्यमिकच्या पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात अनेक शाळा येतात आणि गडचिरोलीत त्या शाळांमध्ये नदीनाले, जंगल असतं, हे ध्यानात घेतलं तर एकटा शिक्षक महिन्यातून एकदा पोचला तरी पुष्कळ. म्हणून मागणी अशी आहे: ही पदं भरताना भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा आणि जिवती यांचा नंबर पहिला लावा. गोंडी, माडिया, तेलुगू किंवा कोलामी बोलणारा उमेदवार असेल तर त्याला तिथेच नेमणूक द्या. जिथे असा उमेदवार नाही तिथे गावातली अंगणवाडी सेविका किंवा बारावी झालेली मुलगी मानधनावर त्याच्या सोबत द्या. आणि कोणत्याही मुलाच्या नावापुढे ‘मंद’ किंवा ‘अप्रगत’ असं लिहिण्याआधी त्याची एकदा तरी त्याच्या घरच्या भाषेत तपासणी झाली पाहिजे, असा लेखी नियम या दोन जिल्ह्यांच्या शिक्षण विभागांनी येत्या शैक्षणिक वर्षापासून करावा.